‘सैरंध्री’ माळ्यावरही शोधायला हवी

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं ‘कीचकवध’ हे नाटक आजही पुस्तक उघडून वाचता येतं. त्यावरून बाबूराव पेंटर यांनी १९२० साली काढलेला ‘सैरंध्री’ हा मूकपट मात्र आता पाहायला मिळत नाही. तो नष्ट झाला.

हे नाटक १९०७ साली रंगभूमीवर आलं. कीचकात लोकांना व्हाइसरॉय राहिलेला लॉर्ड कर्झन दिसला, आणि १९१० मध्ये सरकारनं प्रयोगांवर बंदी घातली. ती उठली १९२६ मध्ये. म्हणजे पुण्यात ‘सैरंध्री’ लागला तेव्हा मूळ नाटक करायलाच मनाई होती! जे बोलायची चोरी होती, ते पडद्यावर न बोलता दिसत होतं. भीम कीचकाला मारतो ते दृश्य इतकं हुबेहूब उतरलं होतं की सेन्सॉरनं ते कापायला लावलं. कापलेला तुकडा गेला तो गेलाच, पुढे उरलेला चित्रपटही गेला.

मला सगळ्यांत जास्त हळहळ वाटते ती गुलाबबाई आणि अनसूयाबाई यांच्यासाठी. रंगभूमीवर पुरुषच लुगडं नेसून उभे राहत होते, त्या काळात या दोघी कॅमेऱ्यासमोर आल्या. कमलादेवी आणि सुशीलादेवी ही नवी नावं त्यांनी घेतली. पडद्यावर त्यांच्या डोळ्यांत काय होतं, हे आज कोण सांगणार?

त्या काळची नायट्रेट फिल्म पटकन पेट घेई, दमट हवेत चिकट होऊन सडे. पुष्कळ फिल्म तर त्यातल्या चांदीसाठीच वितळवल्या गेल्या.

तरीही माझी वाचकांना कळकळीची विनंती आहे. जुन्या वाड्याच्या माळ्यावर, पेटाऱ्यात मूकपटांच्या जाहिराती, छायाचित्रं, सचित्र पुस्तिका असतील तर रद्दीत घालू नका. पेंटर मूळचे नाटकांचे पडदे रंगवणारे, म्हणून नाटक कंपन्यांची जुनी दप्तरंही चाळायला हवीत. फिल्मचा डबा सापडलाच, तर तो घरी उघडू नका, उन्हात किंवा चुलीजवळ ठेवू नका. पुण्यातल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला आधी कळवा. आपल्या वृत्तपत्रानं ‘सैरंध्री’च्या शोधासाठी एक आवाहन छापलं, तर ते माझ्या आवाक्याबाहेरच्या घरांपर्यंतही पोहोचेल.

आपली नम्र,
एक वाचक