क्लेम अडकलेला असताना विमा कंपनी बदलताना

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गाडी गॅरेजमध्ये, क्लेमची फाईल कंपनीकडे आणि पॉलिसी संपायला आठ दिवस उरलेले. पावसाळ्यानंतर नागपुरातल्या बऱ्याच गाडीमालकांची हीच अवस्था असते. काही जण कंपनी बदलली तर क्लेम बुडेल या भीतीने मनाविरुद्ध तिथेच रिन्यूअल करतात, तर काही रागाच्या भरात चालू पॉलिसी रद्द करून मोकळे होतात. दोघांचेही नुकसान होते, म्हणून हे पत्र.

क्लेम कोणी द्यायचा हे अपघाताच्या तारखेवरून ठरते. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत गाड्या पाण्याखाली गेल्या. समजा त्यातल्या एखाद्या गाडीची पॉलिसी ३० सप्टेंबरला संपणार होती. मालकाने १ ऑक्टोबरपासून दुसऱ्या कंपनीची पॉलिसी घेतली असली, तरी पुराचा क्लेम जुन्याच कंपनीने द्यायचा, मग दुरुस्ती डिसेंबरमध्ये पूर्ण का होईना. हिशोबही जुन्या पॉलिसीच्या अटींनुसारच होतो. त्यात झिरो डेप (घसारा न कापता पार्टचे पैसे देणारे जादा कव्हर) नसेल तर प्लास्टिकच्या बंपरवर ५० टक्के घसारा, म्हणजे जुनेपणाची वजावट, कापला जाणारच; नव्या पॉलिसीत झिरो डेप घेऊन तो वाचत नाही.

मात्र बदल रिन्यूअलच्या वेळीच करा. २०२४ च्या नियमांप्रमाणे पॉलिसी मध्येच केव्हाही रद्द करता येते, पण एक वर्षाच्या पॉलिसीत उरलेल्या काळाचा प्रीमियम परत मिळायचा तर त्या मुदतीत एकही क्लेम झालेला नसावा लागतो. म्हणजे क्लेम लावून सहाव्या महिन्यात पॉलिसी सोडली, तर उरलेल्या सहा महिन्यांचे पैसे गेले. नवीन गाडीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट पाहावी. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या कारला थर्ड पार्टी (दुसऱ्याला झालेल्या इजा-नुकसानीचा) विमा एकदम तीन वर्षांचा घ्यावा लागतो. तो जुन्या कंपनीकडे तसाच राहू द्यावा आणि फक्त ओन डॅमेजची, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीची, पॉलिसी दुसरीकडे न्यावी. एजंट कधी कधी थर्ड पार्टी पुन्हा जोडून देतात, आणि त्याचे पैसे फुकट जातात.

सगळ्यात मोठा घोटाळा होतो तो नो क्लेम बोनसच्या रकान्यात. क्लेम न केल्याबद्दल मिळणारी ही सूट फक्त ओन डॅमेजच्या प्रीमियमवर असते आणि वर्षागणिक २०, २५, ३५, ४५ अशी ५० टक्क्यांपर्यंत चढते. पण संपत आलेल्या वर्षात क्लेम केलेला नसावा आणि प्रलंबितही नसावा, असा नियम आहे. 'पैसे अजून मिळालेच कुठे, मग क्लेम झालाच नाही' हा युक्तिवाद टिकत नाही. क्लेम नोंदवला की पुढच्या वर्षीचा बोनस शून्य. ऑनलाइन फॉर्ममध्ये 'मागील वर्षी क्लेम केला होता का' याच्यासमोर 'नाही' आधीच भरलेले असेल आणि ते न बदलता पैसे भरले, तर १२ हजारांच्या ओन डॅमेज प्रीमियमवर ३५ टक्क्यांनी ४,२०० रुपये वाचल्यासारखे दिसतात. नवी कंपनी जुन्या कंपनीकडून खातरजमा करते. बोनसची माहिती खोटी निघाली तर पॉलिसीच्या पहिल्या भागाचे, म्हणजे गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचे सर्व लाभ जप्त होतील, असे हमीपत्र मालकानेच दिलेले असते. पुढे अपघात झाला आणि ८० हजारांचे बिल समोर आले, की त्या ४,२०० ची किंमत कळते. फॉर्म एजंटने भरला, ही सबब चालत नाही. चूक लक्षात आली असेल तर आजच कंपनीला ईमेल करून फरकाची रक्कम भरा. उलट, क्लेम मागे घेतला असेल किंवा एक पैसाही न देता बंद झाला असेल, तर जुन्या कंपनीकडून तसे पत्र घ्यावे. ते दाखवून बोनस मागता येतो. एनसीबी प्रोटेक्ट (क्लेम केला तरी नो क्लेम बोनस टिकवणारे जादा कव्हर) घेतले असेल तर ते कंपनी बदलल्यावर लागू राहते का, हे आधी लेखी विचारा. बहुतेक ठिकाणी ते त्याच कंपनीत रिन्यूअल केले तरच उपयोगी पडते.

दुसरा धोका न झालेल्या दुरुस्तीचा. डावा दरवाजा चेपलेला असतानाच नवी पॉलिसी सुरू झाली आणि पुढे त्याच दरवाजाला पुन्हा मार बसला, तर नवी कंपनी त्याला जुने नुकसान म्हणते आणि जुनी कंपनी नवा मार मोजत नाही. म्हणून नवी पॉलिसी सुरू होण्याच्या आदल्या दिवशी गाडीचे चारही बाजूंनी, नंबर प्लेट आणि तारीख दिसेल असे फोटो काढा. चेपलेले भाग नव्या कंपनीला ईमेलने आधीच कळवा. दुरुस्ती झाली की गॅरेजचे बिल आणि पुन्हा फोटो पाठवा.

पाण्यात बुडालेल्या गाड्यांत हे जास्त नडते. वायरिंगच्या कनेक्टरमध्ये आणि कंट्रोल युनिटमध्ये शिरलेल्या ओलाव्याने गंज धरायला काही आठवडे लागतात. गाडी धुऊन, वाळवून चालू झाली म्हणून क्लेम मिटवला आणि तीन महिन्यांनी सेन्सर बंद पडले, तर ते नव्या पॉलिसीत बसत नाहीत. सीट आणि कार्पेट काढून वायरिंग उघडायला लावा. पार्ट खोलल्यावर जे जास्तीचे नुकसान निघेल त्याचा पूरक सर्व्हे जुन्या कंपनीच्या सर्व्हेअरकडूनच (नुकसानीची पाहणी करणाऱ्याकडून) करून घ्या, तोही पार्ट बदलण्याआधी. बदललेले पार्ट पाहणी होईपर्यंत गॅरेजमध्ये राखून ठेवा.

या धांदलीत पॉलिसीत खंड पडू देऊ नका. जुनी ज्या मध्यरात्री संपते, त्याच क्षणी नवी सुरू झाली पाहिजे. खंड पडला की नवी कंपनी गाडीची पाहणी करते आणि चेपलेले भाग वगळते. शिवाय विमा नसताना रस्त्यावर गाडी सापडली तर पहिल्यांदा दंड २,००० रुपये.

क्लेम मुळात लांबतोच का, हेही विचारायला हवे. नुकसान कळवल्यावर २४ तासांत सर्व्हेअर नेमायचा, त्याने १५ दिवसांत अहवाल द्यायचा आणि अहवाल मिळाल्यावर कंपनीने ७ दिवसांत निर्णय घ्यायचा, ही मुदत विमा नियामकाने घालून दिली आहे. ती उलटली तर कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला क्लेम क्रमांकासह लिहा. 'बीमा भरोसा' पोर्टलवर किंवा १५५२५५ या क्रमांकावरही तक्रार नोंदवता येते. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा उत्तर पटले नाही तर विमा लोकपालांकडे, म्हणजे विम्याच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या अधिकाऱ्यांकडे, जाता येते. तिथे फी नाही आणि वकीलही लागत नाही. जिल्हा ग्राहक आयोगातही दाद मागता येते. २०१९ च्या कायद्याने तक्रारदार जिथे राहतो तिथेच ती दाखल करता येते, कंपनीचे मुख्यालय मुंबईत असले तरी. पण तिथे प्रकरण गेले की लोकपाल ते ऐकत नाहीत, म्हणून आधी लोकपाल.

अपघातात दुसऱ्या कोणाला इजा झाली असेल, तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणातील प्रकरण वर्षानुवर्षे चालते. पत्ता किंवा मोबाइल क्रमांक बदलला तर जुन्या कंपनीला कळवत राहा आणि अपघाताच्या दिवशी लागू असलेल्या पॉलिसीची प्रत प्रकरण संपेपर्यंत जपा.

विमा कंपन्यांना एक कळकळीची विनंती. रिन्यूअलच्या नोटिशीवर 'क्लेम प्रलंबित आहे, बोनस ० टक्के' असे ठळक छापा आणि ऑनलाइन फॉर्ममध्ये क्लेमच्या प्रश्नाचे उत्तर आधीच भरून ठेवू नका. एवढे झाले तर बोनसवरून होणारे कितीतरी वाद फॉर्म भरतानाच मिटतील.

आपला विश्वासू,
मोटार विमा सर्वेक्षणाच्या कामातील एक वाचक
धरमपेठ, नागपूर