तेल लागत नाही म्हणे!

संपादक साहेब,

आपल्या नौदलाची तिसरी विमानवाहू नौका अणुशक्तीवरचीच हवी, हा कालचा लेख वाचला. लेखकमहाशय म्हणतात एकदा इंधन भरलं की पंचवीस वर्षं बघायला नको. वा! आणि वरची विमानं काय युरेनियमवर उडणार? त्यांचं एटीएफ म्हणजे विमानाचं इंधन, दीडेक हजार माणसांचं रेशन, सोबतच्या फ्रिगेटचं, म्हणजे राखणीच्या युद्धनौकेचं, डिझेल घेऊन टँकर जहाज मागे फिरणारच आहे की.

मी उभी हयात इंजिनरूममध्ये काढली. रिअॅक्टर शेवटी पाणीच तापवतो हो, पुढे वाफ, टर्बाइन, वाफेचं परत पाणी करणारा कंडेन्सर, ते पाणी आत ढकलणारा फीड पंप सगळं आमचंच जुनं आणि बिघडतं ते हेच. एकदा आमच्या जहाजाच्या फीड पंपाचा शाफ्ट गेला. इंडेंट म्हणजे मागणीपत्र टाकलं, फाइल टेबलाटेबलावर फिरली, एल-वन म्हणजे सर्वात कमी दरवाला कोण ह्यावर घोळ, अख्खा पावसाळा जहाज धक्क्याला, आणि शेवटी खोका उघडला तर आत भलत्याच मॉडेलचा शाफ्ट! स्टोअरवाला म्हणतो पार्ट नंबर बरोबर आहे, सही करा. नाही केली तर मलाच मेमो. शेवटी बाहेरच्या लेथवाल्याकडून करून आणला. रिअॅक्टरकडचा वॉल्व्ह गळला तर त्या लेथवाल्याला आत सोडणार का?

अमेरिकेचे दाखले देता ना, मग त्यांच्याच सरकारी ऑडिटवाल्यांनी १९९८ मध्ये जन्मभराचा खर्च मांडला त्यात अणुवाली विमानवाहू नौका साध्यापेक्षा ५८ टक्के महाग निघाली तेही छापा. नऊ अणुक्रूझर बांधल्या त्यांनी, १९९९ पर्यंत सगळ्या घरी बसवल्या. त्यांची जॉर्ज वॉशिंग्टन ही अणुवाली विमानवाहू नौका इंधन बदलायला नि दुरुस्तीला २०१७ ला गोदीत शिरली ती २०२३ ला बाहेर आली. त्यांच्याकडे अशा अकरा आहेत, चालून जातं, आपली एकुलती एक अणुवाली इतकी वर्षं गोदीत बसली तर काय करायचं, ह्यावर लेखात एक ओळ नाही.

पाणबुडीचं वेगळं, पाण्याखाली इंजिनाला हवा कुठून आणणार, तिथे अणुशक्ती हवीच. पण २०२४ ला दोन अणुपाणबुड्यांनाच चाळीसेक हजार कोटी मंजूर झाले आणि अणुशक्तीशिवाय, चार गॅस टर्बाइनवर चालणारी आपली अख्खी विमानवाहू विक्रांत वीसेक हजार कोटींत झाली, एवढं तरी बघायचं लिहिण्याआधी.

आणि हो, विक्रांत म्हणून जो फोटो छापलाय त्या जहाजाचा डेक पुढे सपाट आहे. विक्रांतला नाकाशी विमान उडवायला चढ असतो, त्याला स्की-जंप म्हणतात, शाळेतलं पोरगंही ओळखेल. दुरुस्ती छापणार का? मागच्या वेळी कळवलं होतं तेव्हाही छापली नव्हती.

- एक निवृत्त इंजिनरूमवाला, डोंबिवली (पूर्व)