पाठांतर होते, विराम राहून जातो

संपादक महोदय,

ठाण्यातल्या शाळांमध्ये वक्तृत्व स्पर्धेची तयारी म्हणजे पाठांतर, हे समीकरण आता तरी मोडायला हवे. ५ मिनिटांसाठी मुलांच्या हाती ८००-९०० शब्द दिले जातात. ऐकणाऱ्याला झेपणारा वेग मिनिटाला साधारण १०० ते १२० शब्दांचा, म्हणजे ५००-६०० शब्द पुरेत. मजकूर वाढला की आधी विराम जातो आणि महत्त्वाचे वाक्य मनात उतरण्याआधीच पुढचे त्यावर आदळते. अशा वाक्यानंतर २ सेकंद थांबायलाच हवे.

दुसरी गल्लत आवाजाचा मोठेपणा आणि पट्टी (स्वराची उंची) यांची. ‘मोठ्याने बोल’ म्हटले की मूल पट्टी चढवते, श्वास वरवर घेते आणि घसा ताणते. पट्टी रोजच्या बोलण्याचीच ठेवावी, श्वास पोटातून घ्यावा. श्वास अपुरा पडला की वाक्याचा शेवट गिळला जातो. मराठीत क्रियापद शेवटी येते, त्यामुळे ‘आहे’ की ‘नाही’ हेच मागच्या रांगेला कळत नाही!

माइक तोंडापासून वीतभर, किंचित तिरका ठेवावा. अगदी समोर धरला तर ‘प’, ‘भ’ उच्चारताना हवेचे फटके माइकवर बसतात.

आयोजकांनी गुणपत्रिकेत विराम आणि स्पष्टतेसाठी वेगळे रकाने ठेवावेत, ही विनंती.

– एक वक्तृत्व मार्गदर्शक, नौपाडा, ठाणे