मनू, तुझ्या कॅमेऱ्याबद्दल

प्रिय मनू,

या आठवड्यात माझी नाइट आणि तुझं सकाळचं कॉलेज, म्हणजे आपली गाठ पडते ती फक्त दारात चपला घालताना, म्हणून हे मोबाइलवरच लिहून पाठवतोय, लोकलमध्ये सीट मिळाली की निवांत वाच. आई सांगत होती की तू नाराज आहेस, एवढे पैसे घालून डीएसएलआर घेतला आणि फोटो तर मोबाइलचेच बरे येतायत, सेकंडहँड आहे म्हणून बिघडलाय की काय असं विचारत होतीस.

कॅमेरा अजिबात बिघडलेला नाहीये. बोरा बाजारात घेताना मी लेन्समधून टॉर्च मारून बघितलं होतं, तू वैतागली होतीस बघ किती वेळ लावताय म्हणून, तर ते फंगस बघण्यासाठी होतं, काचेत कोळिष्टकासारखे बारीक पांढरे धागे दिसले की ती लेन्स घ्यायची नाही. तुझी काच स्वच्छ आहे, शटर काउंट, म्हणजे आजवर किती फोटो काढले त्याचा आकडा, तोही कमी आहे. निकॉन डी ३५०० हा शिकायला फार चांगला कॅमेरा आहे.

तरी फोटो फिके का दिसतात ते सांगतो. मोबाइलचं बटण आपण एकदा दाबतो पण तो आतल्या आत पटापट बऱ्याच फ्रेम घेतो, त्या एकमेकांत मिसळतो, सावली उजळतो, आकाश निळं करतो, चेहऱ्यावरचे डागसुद्धा पुसतो, हे सगळं तुला न विचारता. तुझा कॅमेरा एक फ्रेम घेतो आणि आहे तसा उजेड तुझ्या हातात देतो. त्याचा सेन्सर साधारण २३.५ बाय १५.६ मिलिमीटरचा, मोबाइलच्या सेन्सरपेक्षा कितीतरी मोठा, म्हणजे पकडायची ताकद भरपूर आहे पण काय पकडायचं ते तू ठरवायचंस. म्हणून माझं एकच म्हणणं आहे, पहिले काही महिने उजेड बघायला शिक. बाकीचं सगळं त्याच्या मागून येतं.

आधी तो हिरवा ऑटो मोड सोड. ऑटोमध्ये घरात जरा अंधार झाला की फ्लॅश टपकन वर येतो आणि आजीचा चेहरा पिठासारखा पांढरा होतो. डायल ए वर ठेव. ए म्हणजे अ‍ॅपर्चर (लेन्सचं भोक किती उघडायचं) तू सांगायचं, शटर (उजेड किती वेळ आत येऊ द्यायचा) कॅमेरा ठरवतो. एकदम एम वर, म्हणजे सगळं हाताने ठरवायच्या मॅन्युअलवर, जाऊ नकोस, खरा फोटोग्राफर मॅन्युअलवरच काढतो असं कोणी कॉलेजात सांगेल पण मी लग्नाच्या फोटोग्राफरकडे रोलच्या जमान्यात काम केलंय आणि चांगले चांगले लोक अ‍ॅपर्चर मोडवर काम करताना बघितलेत, त्यात कमीपणा काही नाही. आणि हो, तुला चष्मा आहे, तर व्ह्यूफाइंडरच्या बाजूला एक बारकं चाक आहे ते फिरवून आतले आकडे स्पष्ट दिसतील असं करून घे, नाहीतर फोकस बरोबर असून तुला चुकल्यासारखा वाटत राहील.

आता सरावाला कुठे लांब जायची गरज नाही. आजी दुपारी गॅलरीत मेथी निवडायला बसते ना, तिथे बस. तिच्या डाव्या बाजूने उजेड येतो, उजवा गाल सावलीत जातो, सुरकुत्या काय सुंदर दिसतात बघ. फोकस पॉइंट एकच ठेव, मधला, तो तिच्या डोळ्यावर धरून बटण अर्धं दाब, बीप झालं की तसंच दाबून ठेवून फ्रेम हवी तशी हलव आणि मग पूर्ण दाब. कॅमेऱ्यावर सोपवलंस तर तो अकरा पॉइंटांपैकी त्याला जो सोयीचा तो धरतो आणि बहुतेक वेळा जवळची मेथीची जुडी शार्प येते, आजी धूसर.

पुढची गोष्ट जरा नीट वाच. तुझ्या १८-५५ लेन्सवर एफ ३.५ ते ५.६ लिहिलंय, हा आकडा जितका लहान तितकं भोक मोठं, म्हणजे १८ वर असताना ती ३.५ पर्यंत उघडते पण झूम करत ५५ ला गेलीस की ५.६ च्या पुढे उघडतच नाही, आत येणारा उजेड निम्म्याहून कमी होतो. मग कॅमेरा काय करतो, शटर हळू करतो, सेकंदाचा १/३० वगैरे, आणि आजीचे हात हललेले येतात. तू म्हणशील लेन्समध्ये व्हीआर (हललेपणा कमी करणारी सोय) आहे की, आहे, पण व्हीआर फक्त तुझ्या हाताचा कंप सांभाळतो, समोरचा माणूस हलला तर त्याला काही करता येत नाही. मेथी निवडणारे हात थांबवायचे तर १/१२५ तरी पाहिजे, १/२०० असेल तर उत्तम. त्यासाठी आयएसओ, म्हणजे सेन्सरची उजेड पकडायची संवेदनशीलता, वाढव, ८०० कर, १६०० कर, बिनधास्त कर. पोरं आयएसओला उगाच घाबरतात, दाणे येतात म्हणून. दाणे आलेला फोटो अल्बममध्ये लावता येतो, हललेल्याचं काहीच करता येत नाही. नंतर हवं तर मुद्दाम १/१५ ठेवून काढ, चेहरा स्थिर आणि हात वाहते, तेही फार छान दिसतं, पण ते ठरवून केलेलं असलं पाहिजे.

दुसरी जागा दादरचं फूल मार्केट, सकाळी सकाळी. तिथे तुला एक गोष्ट कळेल जी पुस्तक वाचून पटत नाही. मोगऱ्याचा ढीग फ्रेमभर घे आणि काढ, फोटोत मोगरा मळकट करडा येईल. कारण कॅमेऱ्याचं मीटर समोरचं सगळं मधल्या करड्या रंगाचं आहे असं धरून चालतं, पांढरं दिसलं की त्याला वाटतं उजेड जास्त झाला आणि तो कमी करतो. शटरच्या बटणाजवळ प्लस-मायनसचं बटण आहे, ते दाबून चाक फिरव आणि प्लस १ कर, मोगरा लगेच पांढरा होईल, मग पाकळ्यांच्या कडा अजून दिसतायत का ते झूम करून बघ, नुसता पांढरा पट्टा झाला असेल तर थोडं मागे ये. काळी छत्री घेतलेला माणूस फ्रेमभर असेल तर उलटं, मायनस कर. हे एकदा डोक्यात बसलं ना की तू मीटरला सांगायला लागशील आणि तेव्हा मला भयंकर आनंद होईल. वर पिवळा बल्ब असेल तर सगळंच पिवळं येईल, त्यासाठी रॉ (सेन्सरने पकडलेली कच्ची फाइल) आणि जेपेग (नेहमीचा तयार फोटो) दोन्ही चालू ठेव, रॉमध्ये रंग नंतर घरी निवांत नीट करता येतो. आणि तिथल्या मावश्या-काकांना आधी विचारायचं, त्यांची धंद्याची वेळ असते, नाही म्हणाले तर हसून पुढे जायचं.

शिवडीला फ्लेमिंगो बघायला मैत्रिणी जातायत म्हणालीस, जा जरूर, भरतीची वेळ बघून जा कारण पाणी चढायला लागलं की पक्षी किनाऱ्याकडे सरकतात, पण ५५ मिलिमीटरमध्ये ते गुलाबी ठिपकेच दिसणार आहेत, त्यावरून हिरमुसून लगेच मोठी लेन्स मागू नकोस. तुझ्याच लेन्सने थवा, चिखल आणि मागचा अटल सेतू एका फ्रेममध्ये घे, तो फोटो मोठ्या लेन्सवाल्याकडे नसेल. वर्षभर हीच लेन्स वापर असं माझं स्पष्ट मत आहे. पुढे घ्यायचीच झाली तर ३५ मिलिमीटर एफ १.८ घेऊ, पण नावात जी असलेली, कारण तुझ्या बॉडीत फोकस मोटर नाही, डी नावाची जुनी लेन्स स्वस्त मिळते, दुकानदार छान आहे म्हणून देईलही, पण तुझ्या कॅमेऱ्यावर तिचा ऑटोफोकस चालणार नाही, हाताने फोकस करत बसावं लागेल.

होमाई व्यारावालांचे फोटो शोधून बघ. आपल्या जेजे स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या, देशातल्या पहिल्या महिला प्रेस फोटोग्राफर, २०११ ला पद्मविभूषण मिळालं. पुढे त्यांनी दिल्लीत मोठमोठे नेते टिपले पण सुरुवातीचे फोटो बघशील तर मुंबईतलं रोजचं जगणं आहे, कॉलेजातल्या मैत्रिणी आहेत. तुझ्याकडेही कॉलेज आहे, मैत्रिणी आहेत, चाळ आहे. आणि मुंबईत गोष्टी फार पटकन जातात गं, २०२३ मध्ये एकाच वर्षात जुनी डबल डेकर गेली आणि पद्मिनी टॅक्सीपण गेली, माझ्याकडे दोन्हींचा धड एक फोटो नाही. आपली चाळ रिडेव्हलपमेंटला जायची आहे हे तुला माहितीच आहे. जिना, नळावरची रांग, आजीचा कोपरा, सगळं काढून ठेव, परीक्षेचं काम समजून काढ.

पावसाळा तोंडावर आलाय म्हणून हे आत्ताच सांगतो. कॅमेरा त्याच्या बॅगेत कपाटात कोंडून ठेवायचा नाही, बॅगेचं कापड ओल धरतं. आईकडून घट्ट झाकणाचा मोठा प्लॅस्टिकचा डबा माग, मी सिलिका जेल आणून देतो, त्याचे दाणे रंग बदलले की तापवून परत वापरता येतात. एसी लोकलमधून उतरलीस की प्लॅटफॉर्मवर लगेच कॅमेरा बाहेर काढू नकोस, काच गार असते आणि बाहेरची दमट हवा लागली की धुकं धरतं, बॅग तशीच बंद ठेव पंधरा-वीस मिनिटं. आणि गर्दीत पट्टा गळ्यात नको, मनगटाला गुंडाळ.

रविवारी मला सुट्टी आहे, पहिल्या गाडीने दादरला जाऊ. बॅटरी शनिवारी रात्रीच चार्जला लाव आणि कार्डातले फोटो कॉपी करून मग कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट कर. मी फूल आणणाऱ्या टेम्पोंपाशी उभा राहीन, तू तुझं काढ, मी मधे मधे बोलणार नाही.

तुझा
बाबा