खार्किवच्या सिस्टरना, गोळ्या मोजल्याबद्दल

प्रिय सिस्टर,

तुमचं नाव इथे मुद्दाम लिहीत नाही. मराठी तुम्हाला येत नाही, हेही ठाऊक आहे. पण आमच्याकडे टीबीचं नाव निघालं की लोक आवाज खाली आणतात, म्हणून हे मराठीतच आणि सगळ्यांसमोर लिहितोय.

डिसेंबर २०२१ मध्ये मानेतल्या गाठीचा टीबी निघाला तेव्हा मी युक्रेनमध्ये, खार्किवला, मेडिकलच्या तिसऱ्या वर्षाला होतो. वजन ४९. दर वेळी आधी काट्यावर उभं करायचात, मगच गोळ्या.

२४ फेब्रुवारीला रशियाचा हल्ला सुरू झाला, पहाटे स्फोटांनी जाग आली आणि आम्ही मेट्रो स्टेशनात उतरलो. टीबी आहे म्हटल्यावर एकाने अंथरूण लांब नेलं. गाठीचा टीबी पसरत नाही, हे त्यालाही परीक्षेला होतं! दुसऱ्या दिवशी तुमचा फोन आला. वाटलं, सुखरूप आहेस का विचाराल. तुम्ही विचारलंत, "स्कोल्का ताब्लेतक?" किती गोळ्या उरल्यात?

तीन दिवसांच्या.

सायरन थांबल्यावर तुम्ही स्टेशनच्या पायऱ्यांवर आलात. रबर लावलेल्या स्ट्रिपा, दोन महिने पुरतील एवढ्या, आणि एक कागद. औषधांची नावं, सुरुवातीची तारीख, वजन, आणि जंतू रिफाम्पिसिनला, म्हणजे टीबीच्या मुख्य औषधाला, दाद देतात हा निकाल. सगळं लॅटिन लिपीत, कुठल्याही डॉक्टरला वाचता यावं म्हणून. तुमच्या कोटाच्या बाहीवर सिमेंटची पांढरी धूळ होती. कसली, ते विचारायचं मला सुचलं नाही. "खंड पाडू नकोस," एवढं बोलून तुम्ही निघालात, यादीतल्या पुढच्या माणसाला शोधायला. औषधाला दाद न देणाऱ्या टीबीचा मोठा बोजा असलेल्या देशांत युक्रेन आहे, भारतही आहे. अर्धवट सोडलेल्या गोळ्यांतून तो कसा उभा राहतो, हे तुम्ही रोज बघत होतात.

२ मार्चला दूतावासाने सांगितलं, पायी का होईना, शहर सोडा. शहराबाहेरच्या पिसोचिनपर्यंत चालताना एक बॅग टाकून दिली. गोळ्या जॅकेटच्या आतल्या खिशात होत्या. रिकाम्या पोटी घ्यायच्या असतात, त्याची वेगळी सोय करावी लागली नाही. पोलंडच्या सीमेजवळच्या ल्विवला जाणाऱ्या गाडीत संडासापर्यंत पोचणं अशक्य, बाटलीच वापरली. रिफाम्पिसिनने केशरी झालेली लघवी बघून शेजारचा म्हणाला, तुला आतून मार लागलाय का?

गावी आल्यावर ग्रामीण रुग्णालयात तुमचा कागद दाखवला. त्यांनी 'निक्षय'वर, म्हणजे सरकारच्या टीबी नोंदणीच्या पोर्टलवर, नोंद केली आणि उपचार पहिल्यापासून सुरू न करता होते तिथून पुढे चालू ठेवले. तरी तुमचा व्हिडिओ कॉल यायचाच. तुमच्याकडे सकाळचे आठ, इथे साडेदहा. गोळी गिळून, तोंड उघडून दाखवायचं. आई मागून म्हणायची, "ह्या बाई जेवल्या का विचार."

जूनमध्ये शेवटच्या रिकाम्या स्ट्रिपेचा फोटो पाठवला. तुमचं उत्तर एका शब्दाचं होतं: वजन? तेव्हा घरात काटा नव्हता, ते राहूनच गेलं.

६२, सिस्टर.

तुमचा,
गाठवाला इंडियन