ईको विकण्याआधी

प्रिय विलास,

मारुतीची ईको व्हॅन विकायची, तीही मध्ये दलाल न घेता, हे चांगलं ठरवलंस. एका हातातली, घरात वापरलेली सीएनजी गाडी आपल्या भागात गिऱ्हाइकाची वाट पाहत पडून राहत नाही. दिवाळीनंतर कापसाचा पैसा हातात आला की चौकशी वाढते, ती आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) लग्नसराईपर्यंत टिकते. पावसाळ्याच्या तोंडावर मात्र पैसा बी-बियाण्यात जातो. तेव्हा काढू नकोस.

भावापेक्षा मला काळजी आहे ती आरसीवरच्या, म्हणजे गाडीच्या नोंदणीपत्रावरच्या नावाची. चावी, आरसी आणि सह्या केलेले कोरे फॉर्म देऊन माणूस मोकळा होतो, नाव मात्र वर्षानुवर्षं त्याचंच राहतं. ईकोत हा धोका जास्त, कारण पांढऱ्या पाटीची, म्हणजे खासगी नोंदीची ही गाडी कितीतरी जण भाड्याने सीटा भरायलाच घेतात. खासगी विम्यावर भाड्याचे प्रवासी आणि त्यात अपघात, म्हणजे विमा कंपनी हात वर करते. मग भरपाईसाठी नोंदीतला मालक शोधला जातो. गाडी पुढे कितीही हात फिरली तरी जबाबदारी त्याचीच, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट केलं आहे.

म्हणून मालकी बदलाचे फॉर्म २९ (दोन प्रती) आणि फॉर्म ३० तुझ्यासमोर पूर्ण भरून दोघांनी सह्या करा. कोऱ्या फॉर्मवर सही अजिबात नको. विक्री कळवायला तुला १४ दिवस असतात. गिऱ्हाईक परराज्यातलं, बऱ्हाणपूर किंवा सुरतचं असेल तर ४५, पण मग आधी आपल्या आरटीओची एनओसी (ना हरकत दाखला) लागते, तिचा फॉर्म २८. कर्ज फिटलं असलं तरी आरसीवर बोजा दिसतोय का बघ. असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ जोडून तो आधी उतरव. ई-चलान भर, पीयूसी चालू ठेव. ताबा पावतीवर तारखेसोबत वेळही लिही, किलोमीटर, इंजिन आणि चासी नंबरही. त्या वेळेनंतरचं चलान तुझं नाही, हे दाखवायला तीच कामी येते.

आता गाडी. पेट्रोलवरही ती नीट चालायला हवी. बरेच जण फक्त गॅसवर चालवतात, टाकी कोरडी ठेवतात. पंप टाकीतच असतो आणि पेट्रोलनेच थंड राहतो, त्यामुळे तो जळतो. दहा लिटर टाकून आठवडाभर पेट्रोलवर फिरव. गॅस सिलिंडरची हायड्रो टेस्ट (दाब सहन करतो का याची तपासणी) दर तीन वर्षांनी लागते, तिची तारीख उलटली असेल तर करून घे, नाहीतर गिऱ्हाईक त्याच नावाखाली भाव पाडतं. सरकत्या दारांचे रोलर घासले असतील तर बदल. स्वस्त काम आहे, आणि दार अडकलं की माणसाला सगळीच गाडी ढिली वाटते. टायरचा चार आकडी शिक्का जाणकार वाचतोच: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. इंजिन मुद्दाम तापवून ठेवू नकोस. मिस्त्रीला सीट उचलून थंड इंजिनच सुरू करू दे. लपवालपवीचा संशय आला की सौदा तिथेच मोडतो. डेंटिंग-पेंटिंगवर मोठा खर्च करू नकोस, तो वसूल होत नाही. धूळ झाडून, फिल्टर बदलून, एसी तपासून ठेवलास तरी पुरे.

चालवायला देताना लायसन्स बघ आणि स्वतः शेजारी बस.

पैसे बँकेतूनच घे. दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकर कायद्याने बंद आहे. दंड घेतलेल्या रकमेएवढाच बसतो. मोबाईलवर दाखवलेल्या फोटोवर जाऊ नकोस, खात्यात रक्कम दिसल्यावरच चावी दे. आणि फास्टॅग काचेवरून काढून बँकेकडे बंद कर, नाहीतर पुढचे टोल तुझ्या खात्यातून जातील.

विम्याचा नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल मिळणारी हप्त्यातली सूट, मालकाचा असतो, गाडीचा नव्हे. कंपनीकडून त्याचं पत्र घेऊन ठेव. तीन वर्षांच्या आत नवी गाडी घेतलीस तर तिथे चालतं. गिऱ्हाइकाला विमा १४ दिवसांत स्वतःच्या नावावर करायला सांग. नाव बदललं की नवी आरसी त्याच्याकडून मागून बघ, तोवर फाइल जपून ठेव.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
सुरेश