लघुग्रहाचा खरा फोटो छापा ना

संपादक महोदय,

लघुग्रहाची बातमी आली की सोबत ठरलेलं चित्र, आगीचा लोळ सुटलेला टणक दगड, आणि ते बघून मला खरंच वाईट वाटतं कारण अंतराळात तो जळत नसतोच, हवाच नाही तिथे. आता बेन्नू हा लघुग्रहच घ्या, जेमतेम अर्धा किलोमीटर रुंद, कोळशासारखा काळा आणि आतून चक्क ढिगारा! ऑक्टोबर २०२० मध्ये नासाच्या ओसायरिस-रेक्स यानाचा हात माती-दगडांचा नमुना घ्यायला त्याला टेकला तर थांबलाच नाही, जवळपास अर्धा मीटर आत गेला, बांधकामाच्या खडीत पाय रुततो ना अगदी तसा, आणि दगड असे अडकले की नमुना धरणाऱ्या टोकाचं झाकण नीट बसेना, बारीक कण बाहेर निसटायला लागले. तरी २०२३ मध्ये १२१.६ ग्रॅम माल पृथ्वीवर पोचला. बेन्नूची घनता पाण्यापेक्षा थोडीशीच जास्त, म्हणजे आत केवढी पोकळी असेल बघा. सगळे असे नसतात, काही लोखंड-निकेलचेही असतात. लोणारचं विवर बघत वाढलेल्या आमच्या पोरांना हे कळायला हवं हो, पुढच्या वेळी बेन्नूचा खरा फोटो छापा, नासाच्या साइटवर फुकट मिळतो.

– एक वाचक, जि. बुलढाणा